तिनं भरलेली शांतता

बायको गेल्यावर जमलेल्या नातेवाइकांना तिचा शेवटचा व्हिडिओ दाखवला, त्याच दिवशी गृहस्थाला कळलं की तिचं एक वाक्य गेलंय. "आणि अहो, तुम्हाला सांगते," एवढं ऐकू आलं. पुढे नुसते ओठ हलले. मग पुन्हा आवाज, नातवाला आशीर्वाद.

"मुलानंच कापलं," गृहस्थ म्हणाला. "त्याच्याविषयी काहीतरी होतं. मी त्याला घरातून जायला सांगितलं."

समोर बसलेल्या तपासनीस बाईंना सगळे वहिनी म्हणत, कारण सोबत फिरणारे त्यांचे दीर तसं म्हणत. वहिनींनी हेडफोन लावून तो मुका तुकडा पुन्हा पुन्हा ऐकला. मग भाऊजींना ऐकायला दिला.

"पंखा," भाऊजी म्हणाले. "आणि थांबून थांबून घरघर. पंखा जुना असेल."

वहिनींनी विचारलं, शेवटी ऑक्सिजन लावला होता म्हणता, मग व्हिडिओत तुमच्या बायकोच्या नाकाला नळी कशी नाही? गृहस्थानं सांगितलं की ऑक्सिजनचं मशीन नंतर आलं आणि ती गेली त्याच दिवशी परत नेलं. परगावचा मुलगा त्यानंतर पोचला. ज्या कॉम्प्युटरवर ती लोकांच्या लग्नाचे व्हिडिओ जोडायची, तो त्यानंच उघडला आणि फोटो जोडायला हा व्हिडिओ स्टुडिओत दिला.

स्टुडिओवाला म्हणाला, आवाजाला हातही लावला नाही. मुलगा फोनवर एवढंच म्हणाला, "बाबांना जे वाटतं ते वाटू दे."

"स्टुडिओवालाच," स्टुडिओचा जिना उतरताना भाऊजी म्हणाले. "सांधा कुठे कळत नाही. घरच्यांचं काम नव्हे."

"त्या घरात लग्नाचे व्हिडिओ कोण जोडायचं, भाऊजी?"

"त्या गेलेल्या बाई स्वतः."

संध्याकाळी वहिनी गृहस्थाकडे गेल्या. रिकाम्या पलंगासमोर एकच खुर्ची होती. भाऊजी उभेच राहिले.

"आवाज नुसता बंद केला की कान दचकतो," वहिनी म्हणाल्या. "म्हणून जाणकार तिथे त्याच खोलीची शांतता भरतो, म्हणजे कोणी बोलत नसतानाचा आवाज. शूटिंगच्या वेळी ती घ्यायची राहिली, म्हणून नंतर घेतली. पंखा तोच, पण घरघर फक्त त्या तुकड्यात आहे. ती मशीनची. मशीन घरात होतं तेव्हा मुलगा इथे नव्हता, व्हिडिओ स्टुडिओत गेला नव्हता, आणि तुम्हाला तर माऊस धरता येत नाही. वाक्य तुमच्या बायकोनंच काढलं."

"एवढ्या तयारीच्या बाईला मशीन ऐकू आलं नाही?" भाऊजींनी विचारलं.

"रात्रंदिवस उशाशी होतं ते. तिच्या लेखी तीच शांतता."

गृहस्थानं पलंगावरची उशी सरळ केली.

"मूळ आवाज तिच्या कॉम्प्युटरवर असेल," वहिनी म्हणाल्या. "काढून देऊ?"

"नको. तिला सांगायचं नव्हतं."

वहिनी आणि भाऊजी गेले. गृहस्थानं मुलाला अजून फोन केलेला नाही.