बाहेर, तीन वाजून दहा

विचारलंत म्हणून सांगतो. चहा घेत ऐका, पण मध्ये थांबवू नका. एकदा थांबलो की पुढचं मला सांगवत नाही.

दोन हजार नऊचा मे महिना. काशीमीऱ्याला हायवेलगत, टायरच्या गोडाऊनच्या वर आमचं ऑफिस. पंचवीस-तीस कंपन्यांचे सर्व्हर आम्ही सांभाळायचो. खोलीत खरे सर्व्हर दोनच. त्यांना आम्ही होस्ट म्हणायचो. त्या दोघांवर मिळून चाळीसेक व्हर्च्युअल मशीन्स, म्हणजे नुसत्या सॉफ्टवेअरचे कॉम्प्युटर, चालायची आणि त्यांच्या फायली असायच्या तिसऱ्याच पेटीत, नेटवर्कवरच्या स्टोरेजमध्ये. म्हणून कुठलंही मशीन आज या होस्टवर चालवा, उद्या त्या. फाइल तीच.

त्या रविवारी दोन नंबरचा होस्ट अपग्रेड करायचा होता. त्याच्यावरची मशीन्स एक नंबरवर हलवायची, रिकामा होस्ट नवा करायचा, परत स्टोरेजला जोडायचा. मी एकटाच गेलो. घरी जेसल पार्कला माझी रसिका तापाने फणफणली होती. चार वर्षांची पोर. माझ्या बायकोचा, मृणालिनीचा, पाय प्लास्टरमध्ये, बिल्डिंगला लिफ्ट नाही, आणि मे महिना म्हणून शेजारपाजार गावाला. "दोनपर्यंत येतो, मग डॉक्टरकडे नेऊ," असं सांगून निघालो होतो.

दोन वाजले, अडीच वाजले. तीनला मृणालिनीचा तिसरा फोन आला.

"अहो, ही डोळे फिरवतेय..."

"निघालोच," मी म्हणालो.

आणि तेवढ्यात दिसलं, त्या चाळीसांतलं हजेरीचं मशीन नव्या होस्टवर बंद. आमची दाराची कार्डं त्याच्यावर चालायची. चालू करायला गेलो तर फाइलला लॉक. लॉक असतं तेव्हा दुसरीकडे कुणीतरी ती फाइल वापरत असतं. पण अपग्रेडनंतर शिळी लॉक मागे राहतातच, आणि आमच्या लाइनीत ती सगळेच उडवतात. खात्री करायला दोन मिनिटं लागली असती. मी नाही केली. लॉक उडवलं, मशीन चालू केलं.

दाराला कार्ड लावलं. लाल दिवा. परत लावलं. लाल. च्यायला म्हणत स्क्रीनवर बघितलं तर माझ्या नावापुढे, 'बाहेर, ३.१०'. घड्याळात तीन बारा झाले होते. आमच्याकडे नियम होता, जो बाहेर गेला त्याच्या कार्डाला आतून दार उघडत नाही. आतून दार उघडायचं हिरवं बटण मालकांनी चोरी झाल्यावर काढूनच टाकलेलं.

खाली वॉचमन ईश्वरला इंटरकॉम केला.

"गुणवंत साब तो अभी निकल गये, रिक्षा से. आप कौन?"

"अरे, मैं ही गुणवंत..."

"मजाक मत करो, भाई." नंतर त्याने उचललाच नाही.

एसीची घरघर, गरम प्लास्टिकचा वास, बाकी काही नाही. एक नंबरचा होस्ट उघडून बघितला. हजेरीचं मशीन तिथेही चालूच होतं. तिथे माझ्या नावापुढे होतं, 'आत'. म्हणजे एकच मशीन दोन ठिकाणी चालू, आणि दोन्ही एकाच फायलीवर लिहितायत. घाबरायला हवं होतं. खरं सांगतो, काही वाटलं नाही. खुर्चीत बसून मी ऑफिसच्या फोनवरून घरचा नंबर लावत राहिलो. कुणी उचलेना. चार वाजता मृणालिनीचा मोबाइल लागला.

"कोण?"

"मी. रसिका कशी आहे?"

ती आवाज खाली आणून म्हणाली, "कोण बोलतंय? हे तर... इथेच बसलेत."

"इथे कुठे?"

"हॉस्पिटलात. आधी तिला उचलून खाली नेलं, मग मला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत... हॅलो? तुमचा आवाज अगदी यांच्यासारखा..."

मागे कुणीतरी खोकलं. तो माझा खोकला होता. "कुणाचा गं?" माझ्याच आवाजात कुणीतरी विचारलं, आणि फोन बंद झाला.

तेव्हा मात्र वाटलं. राग आला, रडू आलं. पोर माझी, आणि तिच्या उशाशी तो! मशीन दोनदा चालू झालं तर नंतर चालू झालेलं बंद करायचं, हा नियम. त्याने तोवर जे काही लिहिलं असेल ते सगळं जातं. नव्या पोरांना हे मीच शिकवायचो. सगळं माहीत होतं मला. पण डोक्यात एकच, की दार उघडेल आणि तिच्याजवळ मी असेन. चार वीसला नव्या होस्टवरचं मशीन बंद केलं.

हिरवा दिवा लागला. दार उघडलं. खाली ईश्वरने सलाम केला. "संडे को भी इतना काम, साब?"

रिक्षात बसलो तोच मृणालिनीचा फोन आला. "अहो, आहात कुठे? निघालो म्हणालात, दीड तास झाला. मी एकटी काय करू..."

"घरी आहेस तू?"

"मग कुठे असणार?"

जिने कसे चढलो आठवत नाही. ती जमिनीवर बसली होती, प्लास्टरचा पाय लांब करून, रसिकाला मांडीवर घेऊन. पोरीचा ताप उतरला होता. अंग गार पडलं होतं.

मी रसिकाचा हात हातात घेतला. मनगटाच्या वर कापसाचा बोळा, त्यावर पांढरी चिकटपट्टी. सलाइन काढल्यावर लावतात तशी.

"हे काय लागलंय हिला?" मृणालिनीने विचारलं. "घराबाहेर गेलीसुद्धा नाही ती..."

मी पट्टी सोलली. खाली सुईची खूण होती. तिथलं रक्त अजून ओलं होतं.