पंचवीस मिनिटं कमी

"हा वाळूचा दांडा आहे, रेगे! आत्ता ओहोटी, इथे गुडघाभर पाणी. आणि तुमचं यंत्र तीन मीटर दाखवतंय!"

धक्क्यावरच्या नियंत्रण-कक्षात तारामती कुबल पडद्यावर बोट आपटत होती. सहलीच्या होड्यांची यंत्रं बसवण्यात तिची वीस वर्षं गेली होती. दांड्याच्या दिशेने येत होता तो ठिपका म्हणजे तिच्या भावाची होडी. होडीत चार पाहुणे.

डॉ. निनाद रेगे म्हणजे होडी आपोआप हाकणाऱ्या स्वयंवाटाड्याचे जनक. त्यांनी चष्मा पुसला. "वाटाड्या भरती-ओहोटीचा एक पूर्ण फेरा बघून शिकतो. तोवर भरतीचंच पाणी धरून चालतो."

"फेरा बारा तास पंचवीस मिनिटांचा. आणि वाटाड्याची नवी आवृत्ती दर किती वेळाने?"

"पूर्वी वर्षाला यायची, मग महिन्याला. कालपासून दर बारा तासांनी."

"आणि आली की आधीचं शिकलेलं पुसते. म्हणजे कालपासून एकाही वाटाड्याने फेरा पुरा केला नाही! कुणी मागितली होती एवढी घाई? सहलीच्या होडीला?"

"स्पर्धा आहे, बाई."

"स्पर्धा घाला चुलीत!"

फोनवर तिचा भाऊ गजू ओरडला, "ताय, सुकाणू हलना नाय! मोटर बंद होना नाय! नांगराची चरखीपण गप!"

"धोका दिसला, तरच वाटाड्या ताबा माणसाला देतो," रेगे पुटपुटले.

तारामतीने घड्याळ बघितलं. चालू आवृत्तीला अकरा तास पंचावन्न मिनिटं झालेली. फेरा पुरा व्हायला तीस मिनिटं. दांडा चाळीस मिनिटांवर. जमत होतं!

"पाच मिनिटांत येणारी आवृत्ती अडवा. अर्ध्या तासात तो शिकेल, स्वतःच सुकाणू सोडेल. गजू, घाबरू नको रे!"

रेग्यांची बोटं भराभर चालली. चार मिनिटं गेली. "झालं. सगळ्या होड्यांना हुकूम गेला: यापुढे नवी आवृत्ती घ्यायची नाही."

तारामती हुश्श करून खुर्चीत बसली. मग तिच्या कपाळावर आठी पडली.

"रेगे, हुकूम गेला कसा?"

"कसा म्हणजे? वाटाड्याला काहीही सांगायचं तर एकच मार्ग आहे." त्यांचा आवाज बारीक झाला. "नवी आवृत्ती."

पडद्याच्या कोपऱ्यात शिकण्याचं घड्याळ शून्यावर आलं होतं. ठिपका सरळ दांड्याकडे निघाला होता.

"ताय," गजूचा आवाज आला, "आता काय करू?"