वाटून टाकलेले सेकंद

तीन कोनांची बेरीज एकशे ऐंशी अंश आणि अकरा सेकंद भरली.

हे सेकंद घड्याळातले नव्हेत. एका अंशाचे छत्तीसशे भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे सेकंद. चार किलोमीटरवर धरलेलं नाणं जेवढं रुंद दिसेल, तेवढा कोन. त्रिकोण मोजताना तीन-चार सेकंद इकडेतिकडे होतातच. हवा हलते, खूण नीट दिसत नाही, डोळा थकतो. अकरा म्हणजे जरा जास्तच होते, पण जीव टांगणीला लागावा असे नव्हते. तिने रीतीप्रमाणे चूक वाटून टाकली. दोन कोनांतून चार-चार सेकंद वजा केले, तिसऱ्यातून तीन. बेरीज बरोबर एकशे ऐंशी झाली. खरे आकडे पेन्सिलीने वहीत राहिले, दुरुस्त केलेले शाईने अहवालात गेले.

तिला सगळे मोजणीबाई म्हणत. एकच बोगदा डोंगराच्या दोन्ही बाजूंनी खोदला जात होता, आणि खोदकामाची दोन्ही तोंडं मध्ये अंगठ्याएवढ्या फरकाने एकमेकांना भिडतील हे बघणं तिचं काम होतं. पलीकडच्या तोंडावर तेच काम तिचा थोरला भाऊ करत होता, पण दोन्हीकडच्या रेषेची जबाबदारी तिची. प्रत्येक सुरुंगाआधी ती शेवटची नजर टाकायची आणि फोनवर दोन शब्द बोलायची: रेषा बरोबर. ते ऐकल्याशिवाय मुकादम सुरुंगाच्या किल्लीला हात लावत नसे.

दोन दिवसांनी काम पुढे सरकलं, तसा तिने पुढच्या खुणांवर नवा त्रिकोण मांडला. एकोणीस सेकंद जास्त. पाचव्या दिवशी त्रेचाळीस. तिने थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायची दुर्बीण, बदललं. तिपाईचे पाय नव्याने रोवले, हवेचे पंखे बंद करून अर्धा तास थांबली आणि पुन्हा मोजलं. त्रेचाळीसच. चूक असती तर कधी कमी, कधी जास्त आली असती. ही नेहमी जास्तच येत होती, आणि तोंडाच्या जितकं जवळ जावं तितकी वाढत होती.

तिने तेही वाटून टाकले.

असं करण्यामागे एक जुनी जखम होती. चार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कामावर तिने असाच आकडा पाहून दोन दिवस काम बंद पाडलं होतं, आणि शेवटी निघालं काय, तर भिंगाच्या आतल्या बाजूला साचलेलं बाष्प. तेव्हापासून कोणी दांडी मारली की लोक म्हणत, मोजणीबाईची सुट्टी घेतली. तो विनोद तिच्या आधी या कामावर येऊन पोचला होता. मुकादमाने पहिल्याच दिवशी चहाचा कप पुढे करत विचारलं होतं, की बाई, भिंगं पुसून आणलीत ना. ती हसली होती. या वेळी पुरता पुरावा हातात आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं.

सातव्या दिवशी मुकादमाने सांगितलं, की आडोशातली माणसं कुरकुर करताहेत. आडोसा म्हणजे तोंडापासून दोनशे मीटर मागे, वळणापलीकडे, बाजूच्या खडकात कोरलेली खोली. सुरुंग उडायच्या आधी सगळे तिथे बाकावर पाठीमागच्या भिंतीला टेकून बसत. तर म्हणे त्या भिंतीत ठोकल्याचा आवाज येतो. तिने हात लावून पाहिला. अखंड खडक, गार, किंचित ओला. त्यामागे डोंगराशिवाय काही नव्हतं. ती कान लावून उभी राहिली आणि तोंडावरचं यंत्र सुरू झालं, तशी तळव्याखाली भिंत बारीक थरथरली. आवाज बोगद्यातून यायला हवा होता. तो भिंतीच्या लगेच मागून आला.

त्या संध्याकाळी तिने भावाला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलणं झालं, वहिनीची तब्येत झाली, मग तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, की त्याच्याकडे बेरीज कशी येते.

त्याने उलट तिलाच विचारलं.

“तुझी किती येते, चिंगे?”

“आज सत्तर. जास्त.”

“माझीही सत्तरच.” मग तो हळूच म्हणाला, “मी वाटून टाकतोय. तू?”

“मीही.”

लहानपणी दोघांनी मिळून काच फोडली होती, तेव्हा आईपासून दोघांनी असंच लपवलं होतं. भावाने हसायचा प्रयत्न केला. म्हणाला, शिकलेली तू आहेस, मी आपला लोखंडी पट्टी घेऊन फिरणारा. आता तूच सांग, हा डोंगर वाकडा आहे की आपण?

तिला कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या बाई आठवल्या. विश्वाचा आकार शिकवताना त्या फळ्यावर फक्त एक त्रिकोण काढत. विश्वाला बाहेरून बघता येत नाही, त्या म्हणत, कारण बाहेर उभं राहायला जागाच नाही. आत बसून कोन मोजायचे, एवढंच आपल्या हातात. आजवरचे मोठ्यात मोठे त्रिकोण मोजले तरी बेरीज एकशे ऐंशीच येते. म्हणजे विश्व सपाट आहे, नाहीतर आपले त्रिकोण फार लहान आहेत. यातलं खरं कोणतं, ते आतून सांगता येत नाही. आणि सपाट असलं तरी ते कुठे जाऊन कशाला जोडलेलं आहे, हे तर त्रिकोण सांगतच नाही. सरळ निघालेला माणूस आपल्याच दाराशी मागून येऊन पोचू शकतो. वर्ग हसला होता. बाई हसल्या नव्हत्या.

हे तिने भावाला सांगितलं नाही. सत्तर सेकंदांनी विश्व वाकत नसतं, एवढंच म्हणाली.

“मग थांबव काम,” भाऊ म्हणाला. “सही तुझी आहे. माझं इथे कोणी ऐकणार नाही.”

उद्या बघते, असं म्हणून तिने फोन ठेवला. उद्या बघते असं ती पुढे चार दिवस म्हणत राहिली.

बाराव्या दिवशी सकाळी तोंडाच्या मधोमध चाचणीचं छिद्र पाडायला घेतलं. पुढे पाणी आहे का हे बघायला तीस मीटर लांबीचं, चार बोटं रुंद छिद्र पाडतात. अठराव्या मीटरला सळई सुळकन आत गेली. पुढे पोकळी होती. हिशेबाप्रमाणे पलीकडच्या तोंडापर्यंत अजून एकशे चाळीस मीटर खडक शिल्लक होता. मुकादम म्हणाला, गुहा असेल, डोंगराच्या पोटात काय काय असतं. छिद्रातून हवा येत होती. तिने चेहरा जवळ नेला. हवा कोमट होती, आणि तिला ओल्या रबराचा नि माणसांच्या घामाचा वास होता.

दुपारी मुकादम आडोशात कोणावर तरी ओरडत होता. बाकामागे कोणीतरी खडकाची भुकटी आणून टाकली होती. करडी, ओली, नुकतीच पाडलेली. कोणी कबूल होईना. भिंतीला कुठेही साधा चराही नव्हता.

तीन वाजता तोंडावरच्या छिद्रांत सुरुंगाची दारू भरून झाली. तारा जोडायच्या बाकी होत्या. नियमाप्रमाणे सगळे आडोशात गेले आणि शेवटची नजर टाकायला ती एकटी मागे राहिली. रेषा बघून झाली. मग तिने थिओडोलाइट उचललं आणि चाचणीच्या छिद्रासमोर, बरोबर त्याच उंचीवर लावलं.

आत उजेड होता.

तिने फोकस फिरवला. पिवळे डाग दिसू लागले. एका रांगेत, सारख्या उंचीवर. चार बोटांच्या छिद्रातून एवढं रुंद दिसायला नको होतं. डागांना कडा आल्या. ती हेल्मेटं होती, मागून दिसणारी. हेल्मेटांखाली माना, मानांखाली खांदे. डावीकडून तिसऱ्याची कॉलर उसवलेली होती. तिने ती कॉलर सकाळी पाहिली होती.

भिंतीला टेकून बसलेल्या माणसांच्या पाठी ती बघत होती. भिंतीच्या आतून.

तिने डोळा बाजूला घेतला, भिंग पुसलं, बाहेरून नि आतून. पुन्हा पाहिलं. मग फोन उचलला.

“मुकादम, उजवा हात वर करा.”

“काय झालं, बाई?”

“करा ना.”

दुर्बिणीत सगळ्यात डावीकडच्या माणसाचा उजवा हात वर गेला.

“आता खाली.”

हात खाली आला. फोनमध्ये कोणीतरी हसलं. मोजणीबाई कवायत घेताहेत, असं काहीसं म्हणालं.

तिच्यासमोर हातभर अंतरावर, छिद्राच्या चहूबाजूंनी दारू भरलेली होती. पलीकडे त्यांच्या पाठी होत्या.

तिने हेल्मेटं मोजली. पुन्हा मोजली.

“तिथे किती जण आहात?”

“अकरा. मला धरून.”

“नीट मोजा.”

“मोजले, बाई. अकरा. शेवटची तुमची जागा तेवढी रिकामी आहे. या लवकर.”

दुर्बिणीत बारा होती.

बाराव्याच्या डाव्या कोपरावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा होता. तिथे तिचं जॅकेट सकाळी दाराच्या खिळ्याला अडकून फाटलं होतं, आणि तिने घाईत तीच पट्टी लावली होती. ती बाई मान खाली घालून, हात मांडीवर ठेवून बसली होती. सुरुंगाची वाट बघत बसतात, तशी.

“बाई, रेषा बरोबर ना?” मुकादमाने विचारलं. “तारा जोडायला येऊ?”

बाराव्या बाईने मान उचलली. ती हळूहळू मागे वळू लागली.

मोजणीबाईने डोळे मिटले.

“रेषा बरोबर नाही,” ती म्हणाली. “बारा दिवसांपासून नाही. सगळ्यांना बाहेर काढा. काम थांबवा.”