सलोमीच्या गिटारचा कान

सलोमीने सहाही तारांवरून अंगठा फिरवला. गिटार कशी छान झणझणली! पण तिला जोडलेला स्पीकर मात्र ढिम्म. तिने वायर उपसली, पुन्हा खोचली, बटणं पिळली, शेवटी स्पीकरला एक चापटसुद्धा मारली. तरी तो आपला गप्पच.

"आजोबा, हा मुका झालाय!"

"त्याला कशाला मारतेस? त्या बिचाऱ्याला कुणी काही सांगितलंच नाहीये," आजोबा चहाचा कप खाली ठेवत म्हणाले.

ही गोष्ट आहे चंद्रावरच्या वस्तीतल्या साळव्यांच्या घरातली. घरात माणसं तीन. अकरा वर्षांची सलोमी, तिची आई आणि आजोबा. आजोबा भूकंपशास्त्रज्ञ. पृथ्वीवर असताना ते जमिनीची थरथर मोजायचे, आता चंद्रकंप (चंद्राच्या पोटात होणारी थरथर) मोजतात. आई मात्र सध्या घरी नव्हती. चंद्राची जी बाजू पृथ्वीवरून कधीच दिसत नाही, तिथे एक प्रचंड दुर्बीण उभी राहत होती आणि आई तिथली इंजिनिअर होती. तिच्या डोक्यावरून उपग्रह जाईल तेवढाच वेळ तिच्याशी बोलता यायचं.

आणि उद्या नाताळ होता.

आईचं लहानपण नगरचं. तिथल्या त्यांच्या गल्लीत नाताळात पोरं घरोघर गाणी म्हणत फिरायची आणि दारावर ठकठक करायची. म्हणून आई नाताळचं गाणं गिटारवर वाजवताना प्रत्येक ओळीच्या शेवटी लाकडावर अंगठ्याने दोनदा मारायची. ठक्-ठक्! त्या ठकठकीशिवाय साळव्यांच्या घरात नाताळ झालाच नव्हता कधी. परवा बोलताना आई हसत होती, पण मध्येच म्हणाली, "यंदा काही नाताळ वाटतच नाही गं, सलू." तेव्हाच सलोमीने ठरवलं, नाताळच्या दिवशी उपग्रह आला की आईला ते गाणं ऐकवायचं. ठकठकीसकट.

त्यासाठी गिटारला हवा होता पिकअप (वाद्याच्या थरथरीची वीज बनवणारा भाग). वस्तीच्या भांडारात चांगले चार-पाच प्रकार होते. सलोमीने सगळ्यांत चकचकीत दिसणारा उचलला, आणि आता हा असा घोटाळा!

"काय आणलंस ते उघडून बघितलंस का?" आजोबांनी विचारलं.

"लोहचुंबक आहे. आणि त्याच्याभोवती केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळलीये."

"बरोबर. लोखंडाची तार चुंबकाजवळ थरथरली, की त्या तांब्याच्या तारेत वीज निर्माण होते. आता चुंबक तुझ्या गिटारच्या तारेला लावून बघ बरं."

सलोमीने लावला. चुंबक चिकटायचं नाव घेईना. तिने कपाळावर हात मारला. "अय्या! माझ्या तारा नायलॉनच्या आहेत!"

"मग चुंबकाला कळणार कसं, की कुणी वाजवतंय?" आजोबा मिस्कील हसले. "चुंबक लोखंडाचंच ऐकतो. त्याच्या लेखी तुझी गिटार वाजलीच नाही."

सलोमी तडक भांडारात गेली आणि एक इवलासा माइक घेऊन आली. माइक तर हवेतून आलेलं सगळंच ऐकतो! तिने तो गिटारच्या पोटात ठेवला आणि वाजवलं. आवाज आला खरा, पण त्याच्यामागे सतत घूंऽऽ अशी घरघर. वस्तीतली हवा शुद्ध करणारे पंखे दिवसभर घुमत असतात, माइकने तेही इमानदारीने ऐकले होते. वर स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरला आणि अशी काही किंचाळी उठली, की दोघांनी कानांवर हात दाबले.

"पंखे जरा वेळ बंद केले तर?"

"तर आपणही बंद पडू, शहाणे!"

सलोमी मटकन खाली बसली. "मग काय लावू? एक ऐकतच नाही, दुसरा नको ते ऐकतो. आणि उपग्रह उद्या सकाळीच यायचाय!" तिचे डोळे भरून आले.

आजोबा तिच्याशेजारी टेकले. "रडू नकोस गं बाळा. एक सांग, तुझ्या आईला काय ऐकू जायला हवंय?"

"तारा. आणि ठकठक."

"थरथर दोन्हीची होते. ती पोचते कुठे?"

सलोमीने वाजवता वाजवता गिटारच्या लाकडावर तळवा ठेवला. तारांनी तळव्याला गुदगुल्या झाल्या. ठक्-ठक् केलं, तेही तळव्याला कळलं. "लाकडात! दोन्ही लाकडातच येतंय, आजोबा!"

"मग कान हवेत कशाला ठेवायचा? लाकडालाच लावू की."

आजोबा आत गेले आणि परतले तेव्हा त्यांच्या हातात नखाएवढी एक पितळी चकती होती. तिच्यावर पांढरा थर होता. "ही दाबविद्युत चकती (दाब पडला, वाकली, की वीज देणारी). लाकूड थरथरलं की ही वाकणार आणि वीज देणार. हवा काय म्हणते, याच्याशी हिला काही देणंघेणं नाही."

सलोमीला ती चकती ओळखीची वाटली. "ही तुमच्या चंद्रकंपाच्या यंत्रातली ना? मग तुमचं काम?"

"चंद्र काय पळून जातोय? नवी चकती पुढच्या यानाने येईल. तुझ्या आईचा हा नाताळ काही परत यायचा नाही." एवढं म्हणून आजोबा उगाचच चष्मा पुसत बसले.

चकती आधी तात्पुरती लावून बघायची होती. घरातल्या टोपाजीने, म्हणजे स्वयंपाक करणाऱ्या यंत्रमानवाने, नुकतीच कणीक मळून ठेवली होती. सलोमीने त्यातला गोळा घेऊन चकती आतून चिकटवली. गिटार वाजली, पण गोधडीखाली बसून वाजवल्यासारखी.

"आता काय झालं?"

"तू गादीवर उडी मारलीस तर धप्प होतं, फरशीवर मारलीस तर दाणकन. असं का?"

"गादी मऊ असते, ती दणका गिळते..." सलोमी थांबली. "आणि कणकेने माझी थरथर गिळली! म्हणजे मध्ये मऊ काही नको. पातळ आणि वाळून कडक होणारा डिंक हवा."

"आता बोललीस! पण तो एकदा वाळला की चकती निघायची नाही. तेव्हा जागा नीट ठरव."

सलोमीने लाकडावर जागोजागी टिचक्या मारल्या. कडेला आवाज बारीक आणि कोरडा येत होता. घोडीजवळ (तारा ज्यावर टेकतात त्या आधाराजवळ) भरदार येत होता. तारांचा सगळा जोर तिथेच लाकडात उतरतो. घोडीच्या बरोबर खाली, आतल्या बाजूला चकती लावायची ठरली. आजोबांचा हात गिटारच्या भोकात मनगटाशीच अडकला. सलोमीचा सुळकन गेला.

सकाळी उपग्रह वर आला. तिकडे आई दुर्बिणीच्या खांबापाशी काम करत होती, अंगावर अंतराळपोशाख, डोक्यावर हेल्मेट. सलोमीने गिटारची वायर रेडिओला जोडली आणि डोळे मिटून गाणं सुरू केलं. पहिली ओळ, ठक्-ठक्. दुसरी ओळ, ठक्-ठक्. गाणं संपलं. सलोमीने स्पीकरला कान लावला. पोचलंच नाही की काय?

आणि स्पीकरमधून आवाज आला. ठक्-ठक्!

आई जाड हातमोज्याने स्वतःच्याच हेल्मेटवर मारत होती. "थांब गं," तिचा आवाज रडवेला झाला होता. "दार उघडतेय. आला बाई, आला माझा नाताळ!"

सलोमीने आजोबांच्या गळ्यात हात टाकले. जरा वेळाने ती म्हणाली, "आजोबा, आईभोवती तर बाहेर हवाच नाहीये! तरी माझं लाकूड तिच्यापर्यंत पोचलं. लाकडातून चकतीत, चकतीतून विजेत, विजेतून रेडिओलहरींत, आणि तिथून तिच्या हेल्मेटमध्ये."

"पोचलं खरं!"

"मग नवी चकती आली, की चंद्राच्या खडकाला मीच लावणार. मध्ये मऊ काही ठेवणार नाही. काय सांगावं, खालून चंद्रही ठकठक करत असेल."

आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "लाव तूच," ते म्हणाले. "माझा हात तसाही अडकतो."