मधला पट्टा

"काका, या गाडीत कधी कुणी मेलंय का?"

हा प्रश्न विचारायची भिंगरीची छाती होणार नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. गेल्या वर्षी त्या जिंकल्याही असत्या. दुकानात खोडरबर मागायलासुद्धा आईला पुढे करणारी मुलगी ती. पण वादविवाद स्पर्धेत तीन शाळांना गप्प बसवून आल्यापासून तिच्या जिभेला पंख फुटले होते.

"अगं ए," आई खांद्यावरच्या बोक्याला थोपटत पुटपुटली. बोका म्हणजे भिंगरीचा चार महिन्यांचा भाऊ.

जुन्या गाड्या विकणारे काका रागावले नाहीत. हातातल्या फडक्याची त्यांनी नीट घडी घातली, छपराखालच्या त्या राखाडी गाडीकडे एकदा पाहिलं.

"गाडीत?" ते म्हणाले. "गाडीत कुणी नाही."

पैज जिंकली. भिंगरीला तिथल्या तिथे गिरकी घ्यावीशी वाटली, पण आज ती कामावर होती.

महिन्यापूर्वी वळणावरच्या वाळूत त्यांची स्कूटर घसरली होती. बोक्याला ओरखडाही नाही. आईचं कोपर मात्र सोलून निघालं. त्या दिवसापासून आई स्कूटरवर बसली नव्हती. बजेटात बसेल अशी जुनी गाडी घ्यायची ठरली आणि निवड बाबांनी भिंगरीवर सोपवली. "ती म्हणेल ती," असं सगळ्यांसमोर म्हणाले होते, आता मागे कसे फिरणार? तिने पंधरा दिवस वाचून एक वही भरली होती. सकाळपासून चार गाड्या नापास झाल्या होत्या. एकीची एअरबॅगची खूण विझतच नव्हती. दुसरीच्या पायपुसण्याखाली गंज, तिसरीचे टायर बोक्याच्या टकलाइतके गुळगुळीत. चौथीची पुढची काच बाकीच्या काचांपेक्षा सहा वर्षांनी धाकटी निघाली.

"म्हणजे ही कुठेतरी तोंड आपटून आलीय," भिंगरीने निकाल दिला होता.

"इन्स्पेक्टरबाई, एखादी तरी पास करा," बाबा म्हणाले होते. "नाहीतर बोक्याची वरात स्कूटरवरून काढावी लागेल."

राखाडी गाडी पाचवी आणि शेवटची. काचांवरचे सालाचे आकडे जुळले. गंज नाही. मग पट्टे. हळू ओढला की पट्टा सुटला पाहिजे, हिसडा दिला की अडकला पाहिजे. पाचही अडकले, आणि असे अडकले की तिचा हातच खाली ओढला गेला. प्रत्येक पट्ट्याच्या मुळाशी एक चिठ्ठी शिवलेली असते, त्यावर तो कधी बनला ते छापलेलं. मोठा अपघात झाला की पट्टे बदलावे लागतात. हे पाचही गाडीइतकेच जुने होते, बारा वर्षांचे.

"बारा वर्षं, आणि कुठे आपटलीच नाही," ती हरखून म्हणाली. "काका, आधीच्या लोकांनी का विकली?"

"त्यांनी नाही विकली. त्यांचा भाचा आला होता कागद घेऊन." काकांनी फडकं पुन्हा उलगडलं. "त्यांच्या घरासमोरच उभी होती. इंजिन बंद, चारही दारं सताड उघडी. गाडीला खरचटलंही नव्हतं, बघ ना."

भिंगरीने वहीत 'खरचटलेलं नाही' लिहून खाली दोन रेघा मारल्या.

"एक चक्कर मारून या," काका म्हणाले. स्वतः मात्र बसले नाहीत.

बाबा स्टिअरिंगवर, शेजारी आई. मागे एका खिडकीशी मावशीकडून आणलेल्या, सीटला बांधायच्या बाळखुर्चीत बोका, दुसऱ्या खिडकीशी भिंगरी. इंजिन सुरू झालं आणि समोर लाल खूण टुणटुणू लागली. मागे, मधल्या जागेवर, कुणीतरी पट्टा न लावता बसलं होतं.

"सेन्सर आहे," भिंगरीने समजावलं. "नुसती पिशवी ठेवली तरी फसतो."

मधल्या जागेवर पिशवी नव्हती. तिने त्या रिकाम्या जागेवरून पट्टा घेऊन खटकन लावला. टुणटुण थांबली.

पहिल्या कोपऱ्यावर तिच्या छातीवरचा पट्टा गच्च आवळला. मग बाबांनी ब्रेक दाबला. मग सायकलवाला समोरून आडवा गेला. क्रम उलटा होता, पण एखाद्या वेळी होतं असं.

दुसऱ्यांदा पट्टा आवळला तेव्हा रस्ता मोकळा होता. ती मोजू लागली. एक, दोन. फाटकातून एक टेम्पो धाडकन मागे आला.

तिसऱ्यांदा चार आकडे झाले, आणि कुत्रं आडवं आलं.

"आई, तुझाही पट्टा आवळतोय?"

"हो गं. आणि ब्रेकच्या आधीच. बिघडलाय वाटतं."

"बिघडलाय काय, याला आधीच कळतंय." भिंगरीचा आवाज चिरकला. असली गाडी कोऱ्या गाड्यांच्या दुकानातही मिळाली नसती. तिने वहीत भराभर लिहिलं: आधी १, आधी २, आधी ४. मैत्रिणी वेड्या होतील ऐकून. बोक्याला आता कधी, कुठे, काही होणार नव्हतं.

लिहिताना तिची नजर शेजारी गेली. मधला पट्टाही ताणलेला होता. पण तो सीटला चिकटला नव्हता. पाठीपासून वीतभर पुढे, हवेत, गोलाई धरून उभा होता. तिने बोटाने दाबून पाहिला. तो दबला नाही.

तिने बोट वहीखाली लपवलं.

बाबांनी गाडी छपराखाली, होती त्याच जागी लावली. इंजिन बंद केलं.

"काय बाई, पास?" त्यांनी विचारलं. "चला, उतरा."

तेव्हा सगळे पट्टे एकदम आवळले.

"आता गं काय," आई हसली. "गाडी तर उभी आहे."

एक, दोन, तीन, चार.

समोर आवार रिकामं. दुपारचं ऊन, गाड्यांच्या रांगा. कुठेही काही हलत नव्हतं.

अकरा. बारा.

काका ऑफिसच्या दारात उभे होते. ते गाडीकडे आले नाहीत. गाडीतून अजून कुणी दार उघडलेलं नाही, हे त्यांनी पाहिलं.

वीस.

मग ते आत गेले आणि भर दुपारी त्यांनी शटर आतून खाली ओढलं. भिंगरीला त्यांचे मघाचे शब्द आठवले.

चारही दारं सताड उघडी. गाडीत कुणी नाही.

म्हणजे आधीची माणसं मेली ती गाडीतून उतरल्यावर. बाबांचा हात दाराच्या कडीवर होता. आईचा अंगठा पट्ट्याच्या लाल बटणावर.

"आई, अंगठा काढ," भिंगरी म्हणाली. तिचा आवाज स्पर्धेतल्यासारखा स्वच्छ निघाला. "बाबा, तुम्हीही कडी सोडा. मी म्हणेन ती, असं ठरलं होतं ना? मग माझं ठरलंय. गाडी हीच घ्यायची." शेजारच्या पट्ट्याची गोलाई सावकाश बोक्याच्या खुर्चीवर वाकत होती. "आणि मी सांगेपर्यंत कुणीही उतरायचं नाही."