राहिलेला हसरा शॉट

सर्व सुज्ञ वाचकांस सविनय नमस्कार. आता जी हकिकत मी आपल्यासमोर ठेवणार आहे, ती कपोलकल्पित नाही. ती माझा मावसभाऊ साईनाथ याच्या घरात घडलेली असून, त्याने ती माझ्याच ओटीवर बसून, स्वतःच्या तोंडाने मला कथन केलेली आहे.

भुताच्या गोष्टीत काळोखी रात्र असते. हिच्यात नाही.

जे घडले ते माघातल्या लख्ख उजेडात, शहापूर तालुक्यात, किन्हवलीजवळच्या एका उघड्या माळावर घडले.

आणखी एक गोष्ट नम्रपणे सांगून ठेवतो. हे वाचून आपणास भीती वाटेल की नाही, ते मी सांगू शकत नाही. किळस मात्र येईल.

साईनाथकडे एक जुनी फियाट होती. क्रीम रंगाची, चकचकीत बंपरची, पुढच्या दारांना त्या तिकोनी काचा असलेली. लग्नसराईत नवरा-नवरीला घेऊन ती मुरबाडपर्यंत वरातीला जायची. बाकीचे दिवस भाताच्या पेंढ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी असायची. साईनाथ तिला पोरीसारखा जपत असे.

आणि पोर तर त्याला एकच होती. माधुरी.

माधुरीचे हसणे असे होते की, ती परसात हसली तर चावडीवरच्या माणसांना कळे. मुरबाडच्या अक्षयशी तिचे लग्न ठरले होते.

अशात एका मालिकेचे लोक गावात आले. कथानक साठ वर्षांपूर्वीचे, म्हणून त्यांना तशी गाडी हवी होती. प्रसंग असा होता की, नवी नवरी सासरी निघते, वाटेत तिला विषबाधा होते आणि गाडीच्या मागच्या सीटवरच ती प्राण सोडते.

चित्रीकरणाच्या दिवशी माळावर मुख्य नटीने गाडीचे दार उघडले आणि नाकाला पदर लावला.

"शी! मी यात झोपणार नाही. आत काहीतरी कुजलंय."

साईनाथला तो शब्द फार लागला. सकाळीच त्याने सीट साबणाने पुसून काढली होती. त्याला तरी कसलाच वास आला नव्हता.

दिग्दर्शकाने इकडेतिकडे पाहिले. त्याची नजर चहाची किटली घेऊन उभ्या असलेल्या माधुरीवर स्थिरावली.

"उंची तीच आहे. तोंड पलीकडे करून झोपवा. केस आणि शालू दिसला की झालं."

माधुरी खदखदून हसली. "बाबा, मी मरू का जरा?"

"मर मर," साईनाथही हसत म्हणाला. "पण भाकऱ्या थापायच्या टायमाला जिती हो. नायतर तुझी आई मला जितं ठेवायची नाय."

तिला हिरवा शालू नेसवला. मुंडावळ्या बांधल्या. ओठांच्या कोपऱ्यात विषाचा फेस म्हणून काहीतरी पिवळट, चिकट चोपडले. ती सीटवर पडली, आणि माळावर एकदम शांतता पसरली.

तेथे मिताली नावाची एक मुलगी होती. एका शॉटमध्ये वस्तू जेथे असेल, तेथेच ती पुढच्या शॉटमध्ये राहावी, हे पाहणे तिचे काम. आरसा कसा आहे, काच वर आहे की खाली, बॉनेटवरचा हार किती सरकला, या सर्वांचे ती मोबाइलवर फोटो काढून ठेवत होती.

सूर्य डोंगराआड गेला. दिग्दर्शक ओरडला, "पॅकअप!"

"सर, हिचा हसरा शॉट राहिलाय," मिताली म्हणाली.

"कसला हसरा शॉट? चेहरा कुठं दिसलाय तिचा? जी दिसलीच नाही, ती मेली कुठं?"

सगळे हसले. साईनाथने मितालीला हळूच विचारले, "ताई, हसरा शॉट म्हंजे काय असता?"

"काका, कुणी मेल्याचं काम केलं की शेवटी त्याला तिथूनच उठवतात आणि कॅमेऱ्यात बघून हसायला लावतात. आमच्यात रीत आहे. मेलेलं तसंच सोडून जायचं नसतं."

साईनाथने मान डोलावली आणि किटली उचलली. उजेड गेला होता. लोक तारा गुंडाळत होते.

माधुरी आपली आपण उठून बसली. पदराने ओठ पुसले.

घरी येईपर्यंत ती एक शब्दही बोलली नाही...

दमली असेल, असे साईनाथला वाटले.

काही दिवस गेले. एका दुपारी त्याची बायको चंदा तांदूळ पाखडता पाखडता थांबली.

"अवं, पोरीचा हसणा बंद झालाय. तुमच्या ध्यानात आला का?"

साईनाथच्या ध्यानात आले नव्हते. आता मात्र ते घर त्याला एकाएकी रिकामे भासू लागले. माधुरी चालत होती, भांडी घाशीत होती, विचारले तर उत्तर देत होती. पण हसणे... ते कोठेच नव्हते.

मग तो भाग टीव्हीवर लागला. शेजारीपाजारी जमले.

पहिल्या शॉटमध्ये नवरी मेलेली. मागच्या दाराची काच पूर्ण बंद.

दुसऱ्या शॉटमध्ये काच अर्धी खाली.

तिसऱ्यात पुन्हा बंद. आणि आतून काचेवर वाफ धरलेली...

मेलेल्या बाईच्या श्वासाची वाफ.

"आयला, मेलेली बाय काच खालीवर करते!" शेजारचा म्हातारा लडकू ओरडला. सर्व घर हसले.

माधुरी हसली नाही.

दुसऱ्याच दिवशी मुरबाडहून होणाऱ्या जावयाचा फोन आला. अक्षयला एक छंद होता. सिनेमांत आणि मालिकांत जुन्या गाड्यांच्या बाबतीत ज्या चुका होतात, त्या शोधून तो त्यांचे व्हिडिओ टाकीत असे. साठ सालच्या गाडीला टोलचा स्टिकर, एका शॉटमध्ये चाकाची टोपी आहे आणि दुसऱ्यात नाही, वळणाआधी डावीकडे असलेला आरसा वळणानंतर गायब, असे सारे. लोक पोट धरून हसत.

"मामा, तुमची फियाट जाम गाजली! काचेची चूक पकडली मी. लाखाच्या वर गेलाय व्हिडिओ!"

"बरा झाला," साईनाथ म्हणाला. दुसरे काय म्हणणार?

पण चुका थांबल्या नाहीत. पुढच्या भागात गाडी रिकामी धावताना दिसते. ते चित्रीकरण माधुरी सीटवर झोपण्याच्या आधीचे होते. तरीही मागच्या काचेतून हिरव्या शालूचा काठ दिसला.

एका संध्याकाळी मितालीचा फोन आला. या चुकांपायी तिला कामावरून काढले होते. ती रडत होती.

"काका, माझ्या फोटोंत काच बंद आहे. सगळ्या फोटोंत बंद आहे. मी चुकले नाही हो!"

साईनाथने उजाडताच ताडपत्री काढली.

मागची काच... खाली होती.

दार उघडताच त्याच्या तोंडावर वास आला. कुजलेल्या झेंडूचा, आंबलेल्या हळदीचा, आणि त्याखाली आणखी कशाचा तरी. सीटवर माणूस निजल्यावर पडते तशी खळगी होती. ती ओली होती. त्याने हात लावला. बोटांना पिवळट तार सुटली.

सीटच्या फटीत एक केस अडकलेला दिसला. त्याने तो ओढला. केस आला. आणखी आला. हाताला वेढे बसले तरी येतच राहिला, ओला, बुळबुळीत. मग आतून कोणीतरी तो हळूच मागे ओढला...

साईनाथ पेंढ्याशेजारी बसून भडभडा ओकला.

घरात आला तेव्हा माधुरी भिंतीकडे तोंड करून निजली होती. एक हात खाली लोंबलेला, गुडघे दुमडलेले. जशी त्या सीटवर होती, अगदी तशी. त्याने तिला आपल्याकडे वळवले. ओठांच्या कोपऱ्यात पिवळट काहीतरी वाळले होते. त्याने ते अंगठ्याने पुसले आणि अंगठा नाकाशी नेला.

तोच वास.

त्याने मितालीला फोन लावला. तिने सारे ऐकून घेतले. मग म्हणाली, "तो राहिलेला हसरा शॉट घ्या, काका. तीच गाडी, तसाच शालू. जिथं मेली, तिथूनच उठून हसली पाहिजे."

कॅमेरा अक्षयकडे होता. तो दुपारीच मोटारसायकलवरून आला. चंदाने लग्नासाठी आणलेला हिरवा शालू डोळे पुशीत बाहेर काढला. गाडी त्याच माळावर नेली. माधुरी काही न विचारता आत शिरली आणि पडली.

"मधे थांबवू नको रे," साईनाथने बजावले. "एकच शॉट."

"मामा, तुमी बघाच," अक्षय म्हणाला.

कॅमेरा सुरू झाला.

"ऊठ गो बाय," साईनाथ म्हणाला.

ती उठली नाही.

"माधुरी... ऊठ. हस बघू."

तिची छाती वरखाली होत नव्हती. ओठांतून फेस आला. या वेळी तो कोणी चोपडला नव्हता. तो गालावरून ओघळून शालूवर उतरला. चंदाने हंबरडा फोडला. साईनाथ धावला.

"मामा, मधे येऊ नका!" अक्षय डोळा कॅमेऱ्याला लावून ओरडला. "जाम भारी येतंय!"

वाचकहो, साईनाथ म्हणतो की, फेसाची किळस त्याला तेव्हा आली नाही. त्या वाक्याची आली.

त्याने तिला दंडाला धरून ओढले. दंड थंड होता.

ती उठून बसली. लेन्सकडे पाहिले.

आणि हसली.

चंदाने तिला पोटाशी धरले. साईनाथ मातीत बसला. सुटलो, असे त्याला वाटले.

अक्षयने तेथेच, अंगातल्या जॅकेटची सावली करून, शॉट पुन्हा लावला. साईनाथने वाकून पाहिले. कोठेही न तुटलेला, सलग एकच शॉट. त्यात तो धावतो. दंड धरतो. माधुरी उठते. हसते.

आणि तिच्यामागे...

सीट रिकामी झालेली नाही.

हिरवा शालू. पलीकडे वळवलेले तोंड. लोंबलेला हात.

सर्वांनी गाडीकडे पाहिले. सीटवर कोणी नव्हते.

"मामा!" अक्षयचा चेहरा उजळला. "एकाच शॉटात चूक! असली आजवर कोणाला मिळाली नसेल!"

त्या संध्याकाळीच त्याने तो व्हिडिओ टाकला. खाली लोकांनी थट्टा मांडली होती. कोणीतरी विचारले होते, "भाऊ, दोघींतली कोणती बायको करणार?" त्यावर अक्षयने हसऱ्या तोंडाचे चित्र टाकले होते.

साईनाथने सोयरीक मोडली. त्याबद्दल त्याला यत्किंचितही खेद नाही.

आता माधुरी हसते. वाढताना हसते, झाडताना हसते, एकटी असली तरी हसते. पण हसणे पूर्वीचे नाही. लेन्सकडे पाहून हसली, तेवढेच आणि तसेच. आवाज नाही.

तिने वाढलेला घास साईनाथच्या घशाखाली उतरत नाही. पोटच्या पोरीची किळस येते, आणि तशी ती यावी याची त्याहून अधिक येते. तो स्वतःला शिव्या घालतो. तरी घास उतरत नाही.

"गाडी भंगारात दे नि मोकळा हो," मी त्याला म्हणालो.



"रघू, गाडी चेपतील रे," तो म्हणाला. "नि आत पडलेली माझी असली तर?"



परवा मी त्याच्या घरी गेलो होतो. चंदावहिनी ताट वाढत होत्या. भात, वरण, कडेला लोणचे. ते ताट घेऊन त्या घराबाहेर गेल्या. ताडपत्री उचलली, मागच्या दाराशी ताट ठेवले, आणि दाराला पाठ लावून खाली बसल्या. कालच्या ताटातला भात तसाच होता. त्यावर मुंग्या चढल्या होत्या.

"जेव गो बाय," त्या म्हणत होत्या. "थोडा तरी जेव."

माधुरीने मला पाण्याचा तांब्या आणून दिला. ती हसली.

मी तांब्या घेतला. ती आत गेल्यावर पाणी ओटीखाली ओतले.

हे योग्य केले की अयोग्य, ते मला ठाऊक नाही. आपण ही हकिकत शांतचित्ताने वाचलीत, त्याबद्दल अंतःकरणपूर्वक आभार. त्या मुलीसाठी, ती जेथे असेल तेथे, आपण मनातल्या मनात हात जोडावेत, एवढीच विनंती.

आपला नम्र,
रघुनाथ जैतू हरड
मु. पो. किन्हवली, ता. शहापूर