दोन सवारी बाकी

हे कुणाला सांगायचं नाही, असं अब्बांनी मला बजावलं आहे. तोंडाने मी सांगणारच नव्हते. मला चारचौघांत बोलता येत नाही. वर्गात हजेरीच्या वेळी माझा ‘हजर’ सरांपर्यंत पोचत नाही, म्हणून दोनदा माझी गैरहजेरी लागली आहे. माझा आवाज एकदाच कुणाला तरी नीट ऐकू गेला, आणि तो तेव्हा ऐकू जायला नको होता. म्हणून लिहिते आहे.

आमचं दुकान दारव्ह्यात नेरच्या रस्त्याला आहे. माझे अब्बा, जहीर, गाड्यांना टेप बसवतात. मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो. शेजारी जिनिंग आहे, पण दोन हंगाम झाले ते बंद आहे. कापसाला भावच नाही. फाटकातून पाहिलं तर आत नुसतं गवत दिसतं. दुपारी त्या बाजूने काहीच आवाज येत नाही.

अब्बांच्या कामात माझा एक उपयोग होतो. कंपनीचा टेप काढला की डॅशबोर्डला जे भोक पडतं, त्यात अब्बांचा पंजा जात नाही. माझा हात कोपरापर्यंत जातो. मागच्या वायरी मी पुढे ओढून देते. पोरीच्या जातीने गाड्यांत बसणं अम्मीला आवडत नाही, पण दिवाळीची सुट्टी होती आणि अम्मी तिच्या बहिणीकडे, शगुफ्ताखालांकडे, गेली होती.

सेवादास त्या दुपारी काळीपिवळी जीप घेऊन आले. ते दारव्हा-नेर सवाऱ्या मारतात. गाडी त्यांनी नुकतीच घेतली होती.

“जहीरभाई, हा कंपनीचा डबा काढा अन् सीडीवाला लावा. मांगं वूफर द्या. जिनिंगची भिंत हालली पाह्यजे.”

“गाडी हालली तरी लय झालं. घेतली कोठून?”

“घेतली एका जागून.”

“त्या जागेले नाव नाई?”

“तुमाले गाडीसंग सोयरीक कराची हाये का? टेप लावा न गुमान.”

सवाऱ्या कमी झाल्या होत्या. लोक दोन गावं पायी जायचे. स्टँडवर चार-चार गाड्या भरायची वाट पाहत उभ्या असायच्या, आणि ज्या गाडीत गाणं मोठं तिच्यात माणसं आधी बसायची. म्हणून सेवादासांना घाई होती. मी दिसल्यावर ते म्हणाले, “हे पोरगी टेप लावते? मग तुमी काय बिड्या वढता?” अब्बा हसले नाहीत. त्यांनी बोनेट उघडून आधी बॅटरीची तार काढली. कुठल्याही गाडीला हात लावण्याआधी ते हेच करतात.

जुना सेट निघाला तेव्हा आतून वास आला. गंजका, आणि त्याच्या खाली ओल्या, कुजलेल्या सरकीसारखा. मी हात घातला तर आत गार होतं. बाहेर ऊन असून आत विहिरीसारखं गार. वायरींबरोबर एक जास्तीची तार आली, तिच्या टोकाला लहानसा माइक होता.

“आधीचा डायव्हर यावर सवाऱ्या बोलवे वाटते,” अब्बा म्हणाले. त्यांनी माइक तोडला आणि सेट आत दुकानाच्या फळीवर नेऊन ठेवला. दारातले स्पीकर चांगले होते, ते तसेच राहू दिले.

स्पीकर तपासायची आमची एक पद्धत आहे. मी मागच्या बाकावर बसते, अब्बा पुढून एकेक तार जोडतात आणि विचारतात, “गझाला, आला का?” मी ओरडून सांगायचं, “आला.” उत्तर द्यायला उशीर झाला की ते चिडतात.

मी मागे जाऊन बसले. सेवादास चहा सांगायला गेले होते. अब्बा चिकटपट्टी आणायला दुकानात गेले. दार आपोआप लागलं.

माझ्या गुडघ्याजवळच्या स्पीकरमध्ये खरखर झाली.

“नेर... नेर... नेर... दोन सवारी बाकी... दोन सवारी...”

थकलेल्या माणसाचा आवाज होता. मला वाटलं, सेवादास रस्त्यावर ओरडताहेत.

“बसली का, बाई?”

विचारलं की उत्तर द्यायचं, ही मला सवय. मी मोठ्याने म्हणाले, “बसले.”

“एक सवारी बाकी.”

तेव्हा मी पुढे पाहिलं. डॅशबोर्डला नुसतं भोक होतं. वायरी उघड्या लोंबत होत्या. नवा सेट अजून खोक्यातच होता, आणि अब्बांना बॅटरीची तार काढताना मी स्वतः पाहिलं होतं.

मी दाराचा हँडल ओढला. तो नुसताच फिरला.

“अब्बा...” माझा आवाज नेहमीसारखाच, मलाच जेमतेम ऐकू आला. पण ते पट्टी घेऊन येतच होते. माझं तोंड पाहून ते धावले आणि त्यांनी बाहेरून दार ओढलं. उघडलं नाही.

“गझाला बसली,” स्पीकर म्हणाला. “एक सवारी बाकी... एकच... नेर, नेर...”

अब्बांनी ते ऐकलं. त्यांनी बॅटरीकडे पाहिलं, मग रस्त्याच्या पलीकडे. तिथे सेवादास चहाचे ग्लास घेऊन उभे होते, आणि रस्ता ओलांडत नव्हते.

“कोणाची हाये हे गाडी? सांग!”

“नऊ सवाऱ्या होत्या, जहीरभाई,” सेवादास तिथूनच म्हणाले. “एक नाई वाचली. डायव्हर बी गेला. अकरा बसाची गाडी. तो भरल्याबगर कधी हालत नव्हता. त्या दिवशी लोकाईचा कापूस मोजाले नंबर होता, घाई लावली त्याईनं. दोन कमी असतानी काढली... पुलावरून खाली गेली.”

“अन् मले काहून नाई सांगतलं?”

“सांगतलं असतं तं तुमी हात लावला असता? स्वस्त भेटली म्हणून घेतली म्या. अन् पोरगी तुमी बसोली. मी नाई बसोली.”

अब्बांनी सेवादासांना शिवी दिली नाही. स्टँडवर रोज काय होतं ते त्यांना माहीत होतं. एक सवारी उतरली तर तिच्या जागी दुसरी बसते, ड्रायव्हर तोंड पाहत नाही, डोकी मोजतो. त्यांनी खिडकीच्या फटीला तोंड लावलं आणि अगदी नरमाईने, गिऱ्हाइकाशी बोलावं तसं म्हणाले, “भाऊ, पोरीले उतरव. शाळेत जाते ते. तिच्या जागी मी बसतो.”

मग पुढचं दार उघडून ते सीटवर बसले.

“हे पाय. बसलो.”

खरखर थांबली. माझ्या हातात हँडल फिरला आणि दार उघडलं. मी खाली उडी मारली. अब्बाही उतरले, त्यांना कुणी अडवलं नाही. त्यांनी माझं डोकं छातीशी घट्ट धरलं. त्यांच्या शर्टाला डिंकाचा आणि घामाचा वास होता.

तेवढ्यात आमच्या दुकानातून, फळीवरून, जिथे तो जुना सेट कशालाही न जोडता पडला होता तिथून, आवाज आला.

“गाडी भरली.”

अब्बांनी अदलाबदल केली होती. मेलेल्या ड्रायव्हरने ती धरली नाही. त्याला दोन हवे होते, आणि दोघांनी आपल्या तोंडाने ‘बसलो’ म्हटलं होतं.

सेवादासांनी बॅटरीची तार जोडली आणि गाडी नेली. जुना सेट नेला नाही. कुणाचाही जुना माल अब्बा ठेवून घेत नाहीत. दुसऱ्या दिवशी तो पोत्यात घालून ते सेवादासांच्या तांड्यावर गेले आणि पोत्यासकट परत आले. सेवादासांनी सेट घेतला नाही; गाडी त्यांनी आदल्या रात्रीच पुलाजवळ सोडून दिली होती. सकाळी ती तिथे नव्हती.

“कोणी हाक मारली तं ओ द्याची नाई,” अब्बांनी मला सांगितलं. “मी मारली तरी.”

आज तिसरा दिवस. अम्मी बाजारात गेली आहे. अब्बा समोर बाजेवर पडले आहेत. सेटचं पोतं दुकानात फळीवर आहे. मघाशी बाहेर हॉर्न वाजला. मी फटीतून पाहिलं, रस्त्यावर नुसतं ऊन होतं. मग अब्बांच्या आवाजात कुणीतरी म्हणालं, “गझाला, चाल बेटा, सारे खोळंबले.” मी अब्बांकडे पाहिलं. त्यांचे डोळे उघडे होते, ओठ मिटलेले होते.

मी ओ दिली नाही. मी लिहीत राहिले.

आता ते उठले आहेत. माझ्याकडे न बघता पायाने चपला शोधताहेत. खोलीत सरकीचा वास येतो आहे. त्यांनी कडी काढली. दारात उभे राहून ते मला हाक मारताहेत, आणि या वेळी त्यांचे ओठ हलताहेत. मी ओ देणार नाही, मी फक्त उठून त्यांचा हात धरून त्यांना आत